दातातली चांदी काढून टाकावी का? पाऱ्याचे फिलिंग आणि ते सुरक्षितपणे काढण्याची पद्धत

अनेकांच्या दाढांमध्ये वीस-तीस वर्षांपूर्वी भरलेली ‘चांदी’ असते. ती त्रास देत नाही, म्हणून तिची आठवणही होत नाही. मग एखाद्या दिवशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येतो किंवा परदेशातला नातेवाईक फोनवर सांगतो, की या चांदीत पारा असतो, तो विषारी आहे, लगेच काढून घ्या. त्यानंतर रुग्ण दवाखान्यात येऊन विचारतात, “डॉक्टर, माझ्या चारही दाढांतली चांदी काढून टाकू का?”

थोडक्यात उत्तर असे: फिलिंग चांगल्या स्थितीत असेल, तर ते काढू नका. पाऱ्याची वाफ सर्वांत जास्त बाहेर पडते ती फिलिंगला ड्रिल लागते तेव्हा. म्हणजे भीतीपोटी काढायला जाल, तर ज्याची भीती वाटते तीच गोष्ट काही काळ वाढते. मात्र फिलिंग तुटले असेल किंवा त्याच्याखाली कीड लागली असेल, तर ते काढावेच लागते. तेव्हा काही साध्या खबरदारीने हा संपर्क बराच कमी ठेवता येतो. त्याची माहिती या लेखात घेऊ.

चांदीच्या फिलिंगमध्ये काय असते?

बोलीभाषेत ‘चांदी’ म्हटले तरी या मिश्रणाचे नाव अमाल्गम. त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. उरलेल्या भागात चांदी, कथील आणि तांबे यांची पूड असते. पाऱ्यात ही पूड मिसळली की लोण्यासारखा गोळा होतो, तो दाढेतल्या खड्ड्यात दाबून भरतात आणि तो घट्ट होतो. स्वस्त, टिकाऊ आणि थोड्या ओलसर जागेतही बसणारे, म्हणून दीडशे वर्षांहून अधिक काळ हे फिलिंग जगभर वापरले गेले.

घट्ट झाल्यावर यातला पारा इतर धातूंशी बांधला जातो. तरीही अगदी थोडी वाफ पृष्ठभागावरून सुटत राहते. चावताना, खूप गरम पदार्थ खाता-पिताना, सतत च्युइंगगम चघळताना किंवा झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती थोडी वाढते. तोंडात फिलिंग जास्त असतील तर वाफही जास्त. पण हे प्रमाण दिवसाला काही मायक्रोग्रॅम इतकेच असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

सगळा पारा सारखा नसतो

पाऱ्याबद्दलची बरीचशी भीती त्याच्या वेगवेगळ्या रूपांची सरमिसळ झाल्याने निर्माण होते.

- मिथाइल मर्क्युरी: हे पाऱ्याचे सेंद्रिय रूप आहे आणि ते माशांतून शरीरात येते. जपानमधल्या मिनामाटा इथे 1956 साली उघडकीस आलेली विषबाधा याच रूपाची होती. कारखान्याच्या सांडपाण्यातून ते समुद्रात, तिथून माशांत आणि मग माणसांत गेले.
- धातुरूप पाऱ्याची वाफ: फिलिंगमधून येते ती ही. श्वासातून आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के वाफ फुप्फुसांतून रक्तात शोषली जाते.
- गिळलेला धातुरूप पारा: आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही. म्हणून फिलिंगचा तुकडा तुटून पोटात गेला तर घाबरू नका. तो शौचावाटे बाहेर पडतो. तुकडा श्वासनलिकेत गेल्याची शंका असेल, म्हणजे जोराचा ठसका किंवा धाप लागली असेल, तर मात्र लगेच रुग्णालयात जा.

यावरून लक्षात येईल, की फिलिंग काढताना मुख्य खबरदारी वाफ श्वासात जाऊ नये याची घ्यायची असते.

अभ्यास काय सांगतात?

याविषयीचे दोन महत्त्वाचे अभ्यास मुलांवर झाले आणि 2006 साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात 6 ते 10 वर्षे वयाच्या 534 मुलांना आणि पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या 507 मुलांना दोन गटांत विभागले गेले. एका गटाला चांदीचे, तर दुसऱ्याला दाताच्या रंगाचे फिलिंग केले. अमेरिकेत पाच आणि लिस्बनमध्ये सात वर्षे पाठपुरावा केला. चांदीच्या गटातल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त आढळला. पण बुद्धी, स्मरणशक्ती, मज्जासंस्था किंवा मूत्रपिंडाच्या कामात दोन गटांत महत्त्वाचा फरक दिसला नाही.

याचा अर्थ काळजीचे काहीच कारण नाही असा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सप्टेंबर 2020 मध्ये सांगितले की पुढील लोकांमध्ये नवे चांदीचे फिलिंग शक्यतो टाळावे:

- गर्भवती स्त्रिया आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रिया
- बाळाला अंगावर पाजणाऱ्या माता
- मुले, विशेषतः सहा वर्षांखालची
- मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, अल्झायमर यांसारखे मज्जासंस्थेचे आजार असलेले
- मूत्रपिंडाचे काम कमी झालेले
- पारा किंवा फिलिंगमधल्या इतर धातूंची ॲलर्जी असलेले

त्याच सूचनेत एफडीएने असेही सांगितले, की वैद्यकीय गरज नसताना चांगल्या स्थितीतले जुने फिलिंग काढू नये. हा दुसरा भाग फॉरवर्ड होणाऱ्या संदेशांतून बहुधा गळून जातो.

युरोपात बंदी आली, मग आम्ही का ठेवायचे?

हा प्रश्न रास्त आहे. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून चांदीचे नवे फिलिंग करणे, काही अपवाद वगळता, बंद केले. नॉर्वे आणि स्वीडनने ते त्याआधीच बंद केले होते. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेला मिनामाटा करार 2017 साली लागू झाला आणि भारतही 2018 पासून त्यात आहे.

या निर्णयांमागचे मुख्य कारण पर्यावरण हे आहे. दवाखान्यांतला पारा सांडपाण्यात जातो, तिथून नद्या-समुद्रात आणि शेवटी माशांत. शिवाय आता दाताच्या रंगाची चांगली फिलिंग उपलब्ध आहेत. बंदी नव्या फिलिंगवर आहे. लोकांच्या तोंडातली जुनी, चांगली फिलिंग काढून टाका, असे हा कायदा सांगत नाही.

‘होलिस्टिक’ दंतचिकित्सा काय म्हणते?

होलिस्टिक किंवा बायोलॉजिकल दंतचिकित्सेचा प्रवाह मुख्यतः अमेरिकेत वाढला. कोलोरॅडोतले दंतवैद्य हॅल हगिन्स यांनी चांदीची फिलिंग अनेक गंभीर आजारांचे मूळ असल्याचा प्रचार केला. 1996 साली त्यांचा दंतवैद्यकीय परवाना रद्द झाला. 1984 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ ओरल मेडिसिन अँड टॉक्सिकॉलॉजी या संस्थेने फिलिंग काढण्याची ‘स्मार्ट’ नावाची पद्धत तयार केली आहे. आता भारतातल्या मोठ्या शहरांतही या नावाने जाहिराती दिसतात.

या पद्धतीत दोन गोष्टी एकत्र आहेत. फिलिंग काढताना वाफ आणि चुरा कमी करण्याचे बरेचसे उपाय योग्य आहेत आणि कोणत्याही चांगल्या डेंटिस्टला ते माहीत असतात. पण ‘प्रत्येक चांदी काढलीच पाहिजे’ आणि ‘काढल्यावर जुने आजार बरे होतील’ या दाव्यांना पुरेसा आधार नाही. पद्धत चांगली असली, म्हणून ती करून घेण्याची गरज आहेच असे होत नाही.

फिलिंग केव्हा काढावे?

- फिलिंग तुटले, हलू लागले किंवा त्याच्या कडेला फट पडली असेल
- तपासणीत किंवा एक्स-रेमध्ये खाली पुन्हा कीड दिसली असेल
- दाताला तडा गेला असेल आणि चावताना कळ येत असेल
- फिलिंगला चिकटून असलेल्या गालाच्या किंवा जिभेच्या भागावर पांढरे-लाल, जळजळणारे चट्टे असतील. याला लायकेनॉइड प्रतिक्रिया म्हणतात. असे फिलिंग बदलल्यावर बऱ्याच रुग्णांचे चट्टे कमी होतात. त्याआधी तज्ज्ञांकडून तपासून घ्या. कधी पॅच टेस्ट किंवा बायोप्सीही लागते.
- पाऱ्याची ॲलर्जी सिद्ध झाली असेल

फिलिंग काळे पडणे म्हणजे कीड नव्हे. चांदी काळवंडतेच. शेजारच्या हिरडीवर निळसर-काळा डाग दिसत असेल, तर तो बहुधा फिलिंगच्या कणांचा असतो. तो नवा असेल किंवा वाढत असेल, तर दाखवून घ्या.

गर्भवती असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर गरज नसताना फिलिंग काढणे पुढे ढकला. दाढ दुखत असेल, तर तात्पुरता उपचार करता येतो. मुलांच्या दुधाच्या दातातली चांगली चांदी काढण्याचीही गरज नसते. तो दात यथावकाश पडणारच असतो.

काढण्याची किंमत

चांगले फिलिंग काढताना त्याच्या भोवतीचा थोडा निरोगी दातही कापला जातो. खड्डा आधीच खोल असेल, तर नसेला धक्का बसून पुढे रूट कॅनल करावी लागू शकते. मोठे फिलिंग काढल्यावर उरलेल्या भिंती पातळ असतील, तर कॅप बसवावी लागते.

बदली म्हणून बहुतेक वेळा कॉम्पोझिट भरतात. ते दिसायला छान असते आणि त्यात पारा नसतो. पण दाढांमध्ये ते चांदीइतके टिकेलच असे नाही. कॉक्रेनच्या आढाव्यात मागच्या दातांतली कॉम्पोझिट फिलिंग निकामी होण्याचे प्रमाण चांदीच्या जवळजवळ दुप्पट आढळले. यातले अभ्यास जुने आहेत आणि साहित्य सुधारत आहे, तरीही एक फिलिंग बदलले की काही वर्षांनी पुन्हा बदलण्याची शक्यता धरून चालावे. प्रत्येक वेळी दात थोडा कमी होतो.

सुरक्षितपणे काढताना काय करतात?

फिलिंग काढण्याचे ठोस कारण असेल, तर पुढील गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

1. रबर डॅम: दाताभोवती ताणून बसवलेला पातळ पडदा. चुरा आणि पाणी घशाकडे जात नाही. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. नायट्राइलचा पडदा मिळतो.
2. जोरदार सक्शन: नेहमीच्या लाळ ओढणाऱ्या बारीक नळीशिवाय एक रुंद, जास्त ताकदीची नळी दाताच्या अगदी जवळ धरली जाते. वाफ आणि कण तिथेच ओढले जातात.
3. भरपूर पाणी: ड्रिल करताना सतत पाण्याचा फवारा हवा. फिलिंग तापले की वाफ वाढते. कोरडे ड्रिलिंग टाळायलाच हवे.
4. तुकडे करून काढणे: सगळे फिलिंग घासून चुरा करण्याऐवजी नव्या, धारदार कार्बाइड बरने त्यात मोजक्या चिरा पाडून मोठे तुकडे सुटे करतात आणि हत्याराने उचलतात. ड्रिल जितका कमी चालेल, तितकी वाफ कमी.
5. हवा खेळती असणे: खिडकी उघडी किंवा हवा बाहेर टाकणारी व्यवस्था असावी.
6. डोळ्यांवर चष्मा आणि छातीवर आच्छादन: उडणाऱ्या कणांपासून बचावासाठी.
7. शेवटी स्वच्छता: तुकडे निघाल्यावर दात आणि पडदा भरपूर पाण्याने धुऊन, मग पडदा काढून चूळ भरायला देतात. पाणी गिळू नका, थुंका.

रबर डॅम बसतच नसेल, तर रुंद सक्शन आणि पाण्याचा फवारा यांवर अधिक भर देतात. तुम्ही नाकाने शांत श्वास घ्या आणि त्रास झाला तर हात वर करा.

‘स्मार्ट’ पद्धतीत याशिवाय नाकावर ऑक्सिजनची नळी, डोके आणि चेहऱ्यावर पूर्ण आच्छादन, डेंटिस्टसाठी खास मास्क आणि हवा गाळणारे यंत्रही वापरतात. त्याने अपाय होत नाही, खर्च वाढतो. डेंटिस्ट आणि त्यांच्या मदतनिसांनी मास्क वापरणे योग्यच आहे, कारण त्यांचा हा संपर्क रोजचा असतो. पण तो मास्क पाहून आपल्या तोंडात भयंकर विष आहे, असा निष्कर्ष काढू नका. कोळशाच्या पुडीने किंवा क्लोरेला नावाच्या शेवाळाने चूळ भरण्याचा फायदा होतो, याला चांगला पुरावा नाही.

निघालेले तुकडे बेसिनमध्ये किंवा साध्या कचऱ्यात जाता कामा नयेत. ते झाकणबंद डब्यात ठेवून नियमानुसार विल्हेवाट लावायची असते. पाणी गाळणारे सेपरेटर यंत्र असेल तर उत्तम. तुमचा आजचा उपचार उद्या कुणाच्या तरी ताटातल्या माशात उतरू नये, यासाठी हे आवश्यक आहे.

पाऱ्याच्या तपासण्या: कोणत्या खऱ्या, कोणत्या फसव्या?

फिलिंगमधल्या पाऱ्याचा अंदाज घ्यायचा असेल, तर कोणतेही औषध न देता केलेली लघवीची तपासणी उपयोगी असते. रक्तातला पारा माशांच्या आहारावर बराच अवलंबून असतो. कोकणात, गोव्यात किंवा कुठेही नियमित मासे खाणाऱ्यांच्या, त्यातही मुशीसारखे मोठे शिकारी मासे खाणाऱ्यांच्या रक्तात तो जास्त दिसू शकतो. त्याचा दोष दाढेला देता येत नाही. केसांची तपासणीही मुख्यतः माशांतलाच पारा दाखवते.

आधी चिलेशनचे औषध देऊन मग लघवी तपासण्याच्या ‘चॅलेंज टेस्ट’पासून सावध राहा. असे औषध दिल्यावर निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढलेले दिसतात आणि त्याची तुलना औषध न घेतलेल्यांच्या आकड्यांशी केली जाते. अमेरिकेतल्या विषविज्ञानतज्ज्ञांच्या संघटनेने ही चाचणी ग्राह्य मानलेली नाही. हात दाबून स्नायूंची ताकद बघणे किंवा फिलिंगमधला ‘करंट’ मोजून कोणती दाढ आधी काढायची हे ठरवणे, यांनाही शास्त्रीय आधार नाही.

‘डिटॉक्स’ लागतो का?

नाही. फिलिंग काढल्यावर काही दिवस रक्त आणि लघवीतला पारा थोडा वाढतो, मग कमी होत जातो. शरीरातला हा पारा साधारण दोन महिन्यांत निम्म्यावर येतो. हे काम मूत्रपिंड आणि आतडी स्वतःच करतात.

चिलेशन हा पाऱ्याच्या खऱ्या विषबाधेवरचा उपचार आहे आणि तो रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतो. चुकीचे औषध जिवावर बेतू शकते. 2005 साली अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात ऑटिझमसाठी चिलेशन दिलेल्या पाच वर्षांच्या मुलाचा रक्तातले कॅल्शियम एकदम घसरून मृत्यू झाला. कोळशाच्या गोळ्याही निरुपद्रवी समजू नका. त्या तुमची रक्तदाबाची, थायरॉइडची किंवा इतर नेहमीची औषधे शोषली जाऊ देत नाहीत.

थकवा, मुंग्या, विसराळूपणा असेल तर?

ही लक्षणे खरी असतात आणि त्यांच्यासाठी उत्तर शोधणेही साहजिक आहे. समजा, एका पन्नाशीच्या बाईंना पायांना मुंग्या येतात, थकवा आहे, गोष्टी विसरायला होतात. इंटरनेटवर त्या पाऱ्याची लक्षणे वाचतात आणि सहा दाढांतली चांदी काढून घेतात. पैसे जातात, दोन दाढांची रूट कॅनल होते. मुंग्या मात्र तशाच. शेवटी साध्या रक्ततपासणीत व्हिटॅमिन बी-12 ची मोठी कमतरता निघते. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी लोकांत, ही कमतरता खूप आढळते आणि उशीर झाला तर नसांचे नुकसान कायमचे राहू शकते.

म्हणून आधी फिजिशियनकडे जा. बी-12, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, मूत्रपिंड यांच्या तपासण्या, झोप आणि मनावरचा ताण यांचा विचार व्हायला हवा. चालू असलेली औषधे फिलिंग काढल्याच्या भरवशावर बंद करू नका.

पाऱ्याची शंका असेलच, तर इतर वाटाही डॉक्टरांना सांगा. पाऱ्यापासून बनवलेली रसौषधे, विशेषतः ऑनलाइन किंवा लेबलशिवाय घेतलेल्या पुड्या, आणि गोरे करणारी बिनमान्यतेची क्रीम यांतून फिलिंगपेक्षा खूप जास्त पारा शरीरात जाऊ शकतो. अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. चेहऱ्यावर किंवा अंगावर सूज येणे, लघवीला फेस येणे ही लक्षणे दिसली तर थांबू नका.

फिलिंग बदलल्यानंतर

- बधिरपणा जाईपर्यंत खाऊ नका. गाल किंवा जीभ चावली जाते.
- कॉम्पोझिट प्रकाशाने लगेच घट्ट होते. त्याच दिवशी जेवता येते.
- गार-गरम लागल्यावर थोडी कळ येणे काही दिवस ते काही आठवडे चालू शकते.
- दात मिटल्यावर नवे फिलिंग उंच लागत असेल, तर परत जाऊन घासून घ्या.
- रात्री ठणका लागला, गरम लागल्यावर कळ बराच वेळ राहिली, सूज किंवा ताप आला, तर लगेच दाखवा.

डेंटिस्टना विचारा

- हे फिलिंग काढण्याचे नेमके कारण काय? एक्स-रेमध्ये दाखवाल का?
- न काढता फक्त लक्ष ठेवले तर काय होईल?
- रबर डॅम आणि रुंद सक्शन वापरणार का?
- खड्डा किती खोल आहे? रूट कॅनल किंवा कॅप लागण्याची शक्यता किती?
- एकापेक्षा जास्त फिलिंग असतील तर टप्प्याटप्प्याने करता येईल का?
- सगळ्याचा मिळून खर्च किती?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फक्त ‘त्यात पारा आहे’ एवढेच मिळाले, तर घाई करू नका. दुसऱ्या डेंटिस्टचे मत घ्या. चांगल्या फिलिंगबाबत तातडी कधीच नसते. दर सहा महिन्यांनी ते तपासून घ्या, दात खाण्याची सवय असेल तर रात्री वापरायचा नाइट गार्ड करून घ्या आणि नवे फिलिंग करायची वेळ आली, तर बिनपाऱ्याचा पर्याय निवडा.